मशीनला धूळ लागू नये म्हणून

रविवारी सकाळी दात घासत बाहेरच्या खोलीत आले, तर हवा शुद्ध करायच्या मशीनला आईने झबलं घातलं होतं. झबलंच म्हणायला हवं. तिच्या जुन्या अबोली वायलच्या साडीचं, खाली नाडी ओवलेलं, आणि बटणं दिसावीत म्हणून समोर चौकोनी खिडकी ठेवलेलं. मशीन चालू होतं. डोक्यावरून पांघरूण घेतलेल्या माणसासारखं ते आत घोरत होतं आणि खिडकीतून हिरवा दिवा दाखवत होतं, म्हणजे हवा उत्तम. सिंहस्थाच्या कामांसाठी आमच्या कॉलनीच्या दोन्ही बाजूंचे रस्ते खणून ठेवलेत, त्या धुळीने आईचा दमा उफाळतो, म्हणून मी ते आणलं होतं. "आई, हे काय?" मी फेसाच्या तोंडाने विचारलं. "कव्हर," आई म्हणाली. "कालच शिवलं दुपारी. नाडी तेवढी जरा घट्ट झालीय." "अगं, ते धूळ ओढून घ्यायचं मशीन आहे." "तेच म्हणते मी. पंधरा दिवसांत रया गेली त्याची. एवढी महागाची वस्तू आणलीस, ती काय धूळ खात पडायला?" मला हसू फुटलं. पेस्ट घशात गेली, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं तरी हसतच होते, आणि त्या हसण्याच्या मध्येच शुक्रवारी लॅबमध्ये पाहिलेला एक पांढरा फिल्टर माझ्या डोळ्यांसमोर आला. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, गोल, नको इतका पांढरा. बेसिनपाशी जाऊन मी चूळ भरली, पुन्हा भरली, नळ उघडा ठेवून तशीच उभी राहिले. आई बाहेरून म्हणाली, पाणी वाहतंय.

मी कारखान्यांतली धूळ मोजते. कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, म्हणजे झाडूवाली का, आणि मग मीही हसून हो म्हणते, कारण समजावत बसायचा कंटाळा येतो. काम तसं सोपं आहे. माणसाच्या नाकाशेजारी एक खोटं नाक लावायचं. कमरेला छोटा पंप, त्यातून खांद्यावर आलेली नळी, आणि कॉलरपाशी चिमट्याने अडकवलेली पारदर्शक डबी, डबीत फिल्टर. माणूस दिवसभर जे ओढतो तेच शेजारी तो फिल्टर ओढतो, आणि संध्याकाळी आम्ही फिल्टरला विचारतो की बाबा, काय काय खाल्लंस. माणसाला विचारून उपयोग नसतो. माणूस म्हणतो, सवय झाली. या वेळी प्रश्न एकाच बाईचा होता म्हणून पंपही एकच होता. सिन्नरच्या अलीकडे माळावर एक फाउंड्री आहे. तिथे चंद्रभागाबाई वापरलेली वाळू चाळते. ओतकाम थंड झालं की साचे फोडतात, त्यातली जळकी वाळू एका शेडमध्ये टाकतात, आणि चंद्रभागाबाई आणि आणखी दोघी ती मोठ्या चाळणीतून चाळून पुन्हा वापरायला देतात. ती वाळू फुटत फुटत इतकी बारीक होते की डोळ्यांना दिसेनाशी होते, आणि न दिसणारीच तेवढी फुप्फुसात खोलवर जाऊन बसते. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. चंद्रभागाबाईला धाप लागते, खोकला हटत नाही. एका खाजगी डॉक्टरने टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. विमा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना छातीचा फोटो बघून वेगळी शंका आली, थुंकीत काही निघालं नव्हतं, म्हणून त्यांनी लिहून मागवलं की ही बाई काम करते तिथली धूळ मोजा. मोजली. मर्यादेच्या बरीच खाली निघाली. रिपोर्ट तयार होता, माझी सही झालेली होती आणि सोमवारी तो जाणार होता. म्हणजे धूळ नाही. म्हणजे टीबीच.

आणि टीबी म्हणजे नात नाही. हे मला तिनेच सांगितलं होतं, त्या सकाळी मी तिच्या कमरेला पट्टा बांधत असताना. तिच्या मुलाला, राजला, मुलगी झालेली, नुकते दात येऊ लागलेले, आणि सून ती पोर हिच्याकडे देत नाही. "तिचं बी काय चुकतंय," चंद्रभागाबाई हात वर धरून म्हणाली, पट्टा नीट बसावा म्हणून श्वास आत ओढायला गेली आणि खोकत सुटली. खोकला ओसरल्यावर म्हणाली, "धुळीचं निघालं तर ते लागत नाय ना ओ दुसऱ्याला?" मी म्हणाले, नाही, धुळीचा रोग कुणाला लागत नाही. "मंग तसा कागद द्या. कागद दावला का देईल ती. शिकेल हाय पोरगी, कागदाला मानती." मी म्हणाले, मशीन सांगेल ते खरं. असलं काही मी फार टेचात म्हणते. तिने मान खाली घालून छातीवरच्या त्या डबीकडे पाहिलं, बोट लावलं नाही, नुसतं पाहिलं, तान्ह्या मुलाकडे पाहतात तसं. "लय महाग असंल ही," ती म्हणाली. "आहे," मी म्हणाले, "जपा हं." हे मीच म्हणाले. जपा हं. सगळ्यांनाच म्हणते. कुणी पंप आपटतं, कुणी नळी उपटतं, म्हणून तोंडात बसलेला शब्द आहे तो. मी दिवसातून बऱ्याचदा त्या शेडच्या दारापर्यंत गेले, दारातून हात केला, ती लगबगीने पदर सावरत पुढे आली, पंपावरचा आकडा मी पाहिला, बरोबर होता, परत गेले. आत का नाही थांबले? घसा धरला होता म्हणून. ऑफिसमध्ये पंखा होता, चहा होता, सुपरवायझर गोरक्ष चांदवडच्या कांद्याच्या गोष्टी छान रंगवून सांगत होता. संध्याकाळी पंप सोडून घेतला तेव्हा तो लख्ख होता. नळीसुद्धा पुसलेली. इतकी चकचकीत वस्तू फाउंड्रीतून परत आलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि मला काय वाटलं, तर कौतुक. पंप ठेवायची पेटी उघडली तर त्याच्या खाचेशेजारी ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा होत्या. भांडं रिकामं परत करू नये, तशा. त्या शेंगा मी घरी आणल्या, आईने त्या भाजल्या, आणि आम्ही दोघींनी खाल्ल्या.

मला कळायला हवं होतं, कारण मी झाकणाऱ्या घरातली आहे. आमच्याकडे जे जे आलं ते उशिरा आलं आणि हप्त्याने आलं, म्हणून ते झाकलं गेलं. टीव्ही आला तेव्हा त्याला भरतकामाचं कव्हर, मिक्सरला फुलाफुलांचं, रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला चादर आणि चादरीवर टॉवेल. वडिलांच्या स्कूटरच्या सीटवरचं कारखान्यातून आलेलं पारदर्शक प्लास्टिक स्कूटर विकेपर्यंत निघालं नाही. उन्हाळ्यात ते मांडीला चिकटायचं आणि उठताना चर्र वाजायचं. पाहुणे आले की मात्र आई धावत जाऊन सोफा उघडा करायची. पाहुणे गेले की पुन्हा झाकायची. म्हणजे आम्ही त्या सोफ्याच्या रंगावर कधी बसलोच नाही, तो रंग दुसऱ्यांसाठी होता. घरात उघडे फोटो दोनच, बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा, आणि ते ती रोज सकाळी स्वतःच्या पदराने पुसते. मला लहानपणी याची लाज वाटायची. मैत्रिणीच्या घरी, गंगापूर रोडला, वस्तू उघड्या असायच्या, ओरखडे पडलेल्या, कुणाला त्याचं काही नसायचं. पुढे कॉलेजात पहिल्यांदा तो नाजूक तराजू हाताळायला मिळाला, श्वासानेसुद्धा हलणारा, तेव्हा वजन झाल्यावर त्याच्यावर कापडी कव्हर मीच सगळ्यांच्या आधी घालायचे. सर म्हणायचे, तेजल फार व्यवस्थित मुलगी. व्यवस्थित कसली. वस्तू आपल्याहून मोलाची असते, हे मला दुधाबरोबर पाजलं होतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं. फक्त आमच्याकडे त्यात कुणाला हसण्यासारखं काही दिसत नसे. चंद्रभागाबाईने पदर सावरला होता की पदराखालून काही काढलं होतं? दारातून मला काय दिसलं होतं? मी डोळे मिटून ते पुन्हा पुन्हा पाहत होते आणि दर वेळी निराळं दिसत होतं. एकदा तर तिच्या हातात रुमाल होता. मग वाटलं, तो रुमाल मीच आता मनाने तिथे घातला.

बसवेना. भांडी घासली, ती आईने पुन्हा घासली. मशीनचं झबलं काढलं, आईने ते घडी करून मांडीवर घेतलं. शेवटी आमच्या लॅबच्या प्रमुखांना, दीपक सरांना, फोन केला. ते नातेवाइकांकडे त्र्यंबकेश्वरला गेले होते, मागे घंटा ऐकू येत होती. मी सांगितलं. ते मोठ्याने हसले, आणि ते हसले याचा मला राग येईना, कारण मीही तेवढंच मोठ्याने हसले होते. "हवेचा फ्लो बरोबर होता ना? वेळ बरोबर? पंप तपासून नेला होतास?" "हो." "मग? आकडा आहे तो आहे. परत जायचं कारण काय लिहिणार तू, आईने प्युरिफायरला झबलं शिवलं?" "रद्द करू म्हणते." "कर. पण मग लिहावं लागेल की माणसावर नीट लक्ष ठेवलं नव्हतं. तुझं नाव घालून. हात दाखवून अवलक्षण कशाला, तेजल?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि समज, झाकलं नसेल बाईने काही? धूळ खरंच कमी असेल तर?" तेही खरं होतं. मला त्यांचं सगळं खरं वाटत होतं आणि कशानेच शांत वाटत नव्हतं. शुक्रवारी तो आकडा आला तेव्हा मला बरं वाटलं होतं, ही गोष्ट मी सरांना सांगितली नाही. बरं वाटलं कारण काम मिटलं. कुणाशी वाद नाही, कंपनीचे फोन नाहीत, पुन्हा त्या शेडमध्ये जायचं नाही. स्वच्छ आकडा कुणाला आवडत नाही.

दुपारी माझी स्कूटर काढली. नाशिक रोडपासून पुढे जिथे तिथे खणलेलं, लोखंडी पत्रे लावलेले, ट्रकांच्या मागून मुरमाची पिवळी भुकटी तरंगत येत होती. सगळ्या पोरींनी डोळ्यांपुरती फट ठेवून स्कार्फ गुंडाळलेले. मीही गुंडाळला होता, आणि त्या कापडाच्या आत माझा गरम श्वास मलाच परत येत होता. कापडाने किती अडतं याचा हिशेब डोकं आपोआप करू लागलं. जाड धूळ अडते, बारीकही बरीचशी अडते, हवा मात्र जाते. म्हणजे पंपाला काही कळत नाही, तो इमानदारीत ओढतच राहतो आणि आकडा बरोबर दाखवत राहतो. सिन्नर घाटातल्या चढाला स्कूटर कुरकुरायला लागली. खरं तर मला तिथे पोचायचंच नव्हतं. झाकलं नसेल तर मी मूर्ख, झाकलं असेल तर काय? तर धूळ निघेल. धूळ निघाली की टीबी जाईल, नात मिळेल. आणि टीबी गेला की टीबीच्या गोळ्याही जातील. गोळ्यांबरोबर बरं व्हायची आशा जाईल, कारण टीबी बरा होतो आणि हा रोग होत नाही. तो नुसता थांबवायचा असतो, थांबला तर. हे तिला कोण सांगणार? डॉक्टरीणबाई सांगतील. माझं काम मोजायचं. हे वाक्य मी हेल्मेटमध्ये मोठ्याने म्हणून पाहिलं तर ते माझ्याच कानांवर आदळलं.

एमआयडीसीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे, त्यात शेवटची तिची. ती बाहेर ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मला पाहून उठली, आणि उठण्याएवढ्यानेच तिला धाप लागली. "या ना ताई. मशीन मोडली का?" पहिला प्रश्न हाच. मी म्हणाले, नाही, चांगली आहे. मग तिला हायसं वाटलं, आत जाऊन तिने सतरंजी टाकली. सून, स्नेहल, पोरीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी राहिली, आत आली नाही. भिंतीतल्या खिळ्याला एक स्टीलचा पेला वेगळा टांगलेला होता, त्याच्या कानाला लाल दोरा बांधलेला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. म्हणाले, "चंद्रभागाबाई, त्या दिवशी मशीनवर काही बांधलं होतं का तुम्ही? रागावणार नाही मी." "रुमाल होय? बांधला व्हता की," ती सहज म्हणाली. "त्या वाळूत लय घाण झाली असती ती. तुम्ही इश्वासानं आमच्या अंगावर दिलेली वस्तू. कोरा बांधला, राजच्या लग्नातल्या आहेराचा. कळकट नाय बांधला." "मी यायचे तेव्हा?" "तवा काढायची. तुमाला नीट दिसली पाहिजे ना." पाहुणे आले की सोफा उघडा करायचा. मला आईच्या पायांचा आवाज ऐकू आला. "तो रुमाल कुठे आहे?" मी विचारलं, आणि एक वेडी आशा वाटली की ती सगळी धूळ त्याच्यावर असेल, तोच मोजता येईल. "धुतला ना लगेच. कोळशावानी झाल्ता. तीन पाणी काढलं तरी डाग ऱ्हायलाच." तिने दोरीवरचा रुमाल काढून मला दाखवला. पांढऱ्यावर मधोमध करडा गोल होता, डबीच्या तोंडाएवढा.

मी पिशवीतून मोकळी डबी काढली, तिच्या गळ्यापाशी धरली. "ही डबी म्हणजे तुमचं नाक आहे, बाई. तुमच्या नाकात जेवढं जातं तेवढं हिच्यात जायला पाहिजे." "बरं." "नाकाला रुमाल नव्हता. हिला होता." ती डबीकडे पाहत राहिली. तिला कळत गेलेलं मला दिसत होतं, आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. "म्हंजे हिनं धूळ खाल्लीच नाय," ती म्हणाली. "नाही." "मंग कागदावर काय आलं?" "धूळ कमी आहे असं." स्नेहलने पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "म्हंजे टीबीच," चंद्रभागाबाई म्हणाली. "म्याच केलं का हे माझ्या हातानं?" मी म्हणाले, "तुम्ही नाही. लक्ष ठेवायचं काम माझं होतं. तो कागद मी जाऊ देत नाही, आपण परत मोजू. पण या वेळी काही बांधायचं नाही." "आन मशीन खराब झाली तर?" "होऊ दे." तिला ते पटलं नाही, पण ती हो म्हणाली. मग आवाज बारीक करून, सुनेला ऐकू जाऊ नये असा, "टीबी नसला तर लवकर बरं वाटंल ना ओ?" मी म्हणाले, "त्या धुळीतून बाहेर पडावं लागेल. मग वाढणार नाही." वाढणार नाही आणि बरं वाटेल यांच्यातलं अंतर तिच्या ध्यानात आलं की नाही मला ठाऊक नाही. मी पाणी मागितलं. स्नेहल आत आली आणि तिने मला दुसऱ्या पेल्यात पाणी दिलं. पोरगी तिच्या खांद्यावरून आजीकडे हात नाचवत होती. आजी मेथीची जुडी हलवून तिला लांबूनच खेळवत होती.

सोमवारी मी रद्दचं लिहून दिलं, माझं नाव घालून. दीपक सर वाचून म्हणाले, "बरं झालं का आता?" मी म्हणाले, नाही. फाउंड्रीला पुन्हा परवानगी द्यावीच लागली, हुकूम सरकारी होता. बुधवारी मी सकाळीच शेडमध्ये गेले आणि आतच राहिले. गोरक्षने लगबगीने ऑफिसातून मला एक मास्क आणून दिला, पिशवीत बंद, नवा कोरा. कपाटात तसे बरेच दिसत होते. "बायकांना का नाही देत?" "दिले होते मॅडम. दोन दिवसांत काळेकुट्ट करतात. मग उरलेले जपून ठेवले, तपासणीला कोणी आलं की लागतात." तो हे लबाडीने बोलत नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत होतं, मास्क काळे होतात याचं. मी मास्क लावला. मग चंद्रभागाबाईकडे पाहिलं आणि काढून दप्तरात टाकला, आणि त्यात काही मोठेपणा नव्हता. एक दिवस श्वास घेऊन कुणी मरत नाही हे मला धंद्यामुळे माहीत आहे, तेवढाच माझा शूरपणा. वाळूचा ढीग अजून कोमट होता. चाळण पुढे-मागे व्हायला लागली तशी शेडच्या पत्र्यातल्या फटीतून आलेल्या उन्हात धूर उभा राहिला, धूर नव्हे, पण दुसरं काय म्हणावं. ती वाकायची, चाळायची, थांबून धाप टाकायची. तिचा हात सारखा खांद्याकडे जायचा, पदराचं टोक चिमटीत यायचं, मग माझ्याकडे बघून ती ते सोडून द्यायची. घरी आलेल्या पाहुण्याला उन्हात उभं ठेवावं तसा तिचा चेहरा झाला होता. दुपारी भाकरी खातानाही तिने डबीकडे पाठ वळवली नाही. "बघा ना कशी झाली," ती म्हणाली. मी म्हणाले, होऊ द्या. माझ्या दातांखाली कचकच होत होती, मी पाणी पीत होते, थुंकायला बाहेर जात होते, परत येत होते. ती कुठे जात नव्हती. राज शाळेत जायचा तेव्हापासून ती इथेच वाळू चाळते आहे.

सुटीचा भोंगा झाला तेव्हा मी पंप बंद केला आणि चिमटा सोडून डबी हातात घेतली. आतला फिल्टर करडा झाला होता, चुलीतल्या गार राखेसारखा, कडेपासून कडेपर्यंत सारखा. मला आनंद झाला. खरंच झाला. वजन काय निघेल ते मला तिथेच दिसत होतं, रिपोर्टही दिसत होता. वर पाहिलं तर ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि मी हसत होते. "दावा की," ती म्हणाली. मी डबी तिच्या पुढे धरली. तिने हात पदराला पुसले, तरी डबीला बोट लावलं नाही. "एवढं?" "हो." "आजचंच?" "आजचंच. आणि जे अगदी खोल आत जातं तेवढंच ही धरते. बाकीचं वर नाकाघशात अडकतं, खोकल्यातून पडतं." तिने ढिगाकडे पाहिलं, चाळणीकडे पाहिलं, परत डबीकडे पाहिलं. बाकीच्या दोघी हात-पाय धुवायला गेल्या होत्या. बाहेर नळाखाली त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता. "राज लहान व्हता तवापासून हाय मी हितं," ती म्हणाली. "मंग त्या समद्या दिसांचं कुठं हाय?"

याचं उत्तर मला येतं. माझा धंदाच आहे तो. फुप्फुसाचं चित्र काढून मी कॉलेजच्या मुलांना ते शिकवलेलं आहे, खडूने, फळ्यावर, गाठी कुठे कुठे होतात ते गोल काढून. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आता कागद येईल. सून देईल पोरगी तुमच्याकडे." "देईल," ती म्हणाली, "देईल ती." तिने छातीवर हात ठेवला, जिथे दिवसभर डबी होती तिथे, आणि तो तिथेच राहिला. मग म्हणाली, "झाका ते, ताई." मी पेटीत डबीची टोपणं शोधू लागले. दोन असतात, एक लाल, एक निळं. लाल बसलं. निळं दोनदा निसटून वाळूत पडलं. तिने ते उचललं, फुंकर मारून स्वच्छ केलं, माझ्या हातातून डबी काढून घेतली, आणि अंगठ्याने दाबून स्वतःच बसवलं.